साडूचा ताप

४ जून

साडू आजपासून आमच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून घरात सगळे त्याला 'धाकटा' म्हणतात आणि मी आपोआप 'थोरला' होतो. जगात इतक्या प्रयोगशाळा पडल्या आहेत, ह्याची बदली झाली ती नेमकी माझ्या विभागात. राहायलाही आमच्याच गल्लीत आला. ही नाचायचीच काय ती बाकी होती. बहीण जवळ आली ना!

येताना तो एक कॅमेरा घेऊन आलाय. उजेड नाही, उष्णता टिपणारा. गार वस्तू निळी दिसते, गरम पिवळी, फारच गरम असली तर पांढरी. सगळा विभाग त्याच्याभोवती गोळा झाला. ज्याने त्याने आपला हात, आपला कान, आपला चहाचा कप त्यात बघून घेतला. नव्याची नवलाई, दुसरं काय. मी जागेवरून हललो नाही.

माझं काम प्लास्टिक दमवायचं. मशीन त्याला वाकवतं, सोडतं, पुन्हा वाकवतं, असं लाखो वेळा. एका दणक्याने प्लास्टिक सहसा तुटत नाही, रोजच्या कटकटीने तुटतं. आधी कुठेतरी केसाएवढा तडा जातो आणि तो शोधायला मी बसलोय. मशीन थांबवायचं, शाई लावायची, पुसायची. तडा असला तर त्यात शाई राहते, मग भिंग लावून बघायचं. आमच्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, बाहेरच्या लोकांना माझी ओळख 'हा आमचा डोळा' अशी करून देतात. आज त्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "चला, आता आपल्याला दुसरा डोळा आला." ह्यात हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक, पण सगळे हसले.

६ जून

धाकट्याने जेवणाच्या सुट्टीत मला शिकवणी दिली. मी मागितली नव्हती.

"दादा, प्लास्टिक वाकताना आतल्या आत घासतं, म्हणून जरासं तापतं. आणि तडा जिथं जाणार असतो तिथं जास्त तापतं. त्यामुळे डोळ्याला दिसायच्या आधी जागा कळते. मशीन थांबवायलाही नको. जिथं जळतं तिथंच फुटतं, बघा."

हे शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून का म्हटलं, ह्याचा मी दुपारभर विचार केला. जळण्याचा आणि माझा काय संबंध? माझी शाई, माझं भिंग, माझं मशीन. मी समाधानी माणूस आहे.

१५ जून

आज मोठा दिवस. बाबांना नवं पाऊल बसवलं.

बाबा म्हणजे सासरे. आमच्या खालच्याच मजल्यावर एकटे राहतात. गेल्या वर्षी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून त्यांच्या पायाला लाकूड आणि रबराचं जडशीळ पाऊल आहे. ते ओढत ते न्हाणीघरापर्यंत जातात आणि दमून बसतात. इस्पितळाच्या वर्कशॉपने आता प्लास्टिकचं हलकं पाऊल बनवलंय. त्याची परीक्षा आमच्याकडेच चालू आहे. मशीन एकदा टाच दाबतं, एकदा चवडा, माणूस चालतो तसं. आमचा अहवाल गेल्याशिवाय वर्कशॉप ते कोणालाच देणार नाही. पण तिथला मिस्त्री माझ्या ओळखीचा. पहिल्या खेपेतलं एक मी मागून आणलं. परीक्षा पूर्ण व्हायची आहे, हे खरं. पण त्याचं भावंड मी रोज मशीनवर बघतोय, साधा ओरखडा नाही.

बाबा ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. मग दारात थांबून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मला रस्ता परत दिलात." मी उगाच चष्मा काढून पुसत बसलो.

संध्याकाळी पट मांडून बसलो. गेलं वर्षभर बाबा आणि मी रोज बुद्धिबळ खेळतो. तेवढ्यात धाकटा टपकला. "चला बाबा, नवं पाऊल आहे तर चक्कर मारून येऊ." आणि बाबा गेले! मी आणलेल्या पावलावर, त्याच्याबरोबर. ह्यालाच म्हणतात आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. सोंगट्या मी एकट्याने डब्यात भरल्या.

२० जून

रोज जातात. नाक्यावरून उजवीकडे, बागेपर्यंत आणि परत. येताना हसत येतात. एवढं हसण्यासारखं बागेत आहे तरी काय?

आणखी एक. बाबा मला 'तुम्ही' म्हणतात. 'जावईबापू, बसा', 'जावईबापू, घ्या'. आणि त्याला 'अरे'. 'अरे, तो पंखा लाव', 'अरे, चल लवकर'. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाट्याला एकदासुद्धा 'अरे' आला नाही.

हिच्याजवळ बोललो तर ही खो-खो हसली. "अहो, तुमचं म्हणजे कमाल आहे! 'तुम्ही' हा मान आहे. आमच्या बाबांच्या घरात ज्याला 'अरे' म्हणतात त्याचं कोणी ऐकत नाही. मला जन्मभर 'अगं' म्हणालेत, माझं कधी ऐकलंय?"

बायकांना ह्यातलं काही कळत नाही. मान असतो भिंतीवरच्या तसबिरीला. माया वेगळी.

२४ जून

आजचा दिवस सोन्याचा!

मॅडमना कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. धाकट्याने प्लास्टिकची एक गुळगुळीत, चकाकणारी पट्टी मशीनवर चढवली आणि कॅमेऱ्याचा पडदा सुरू केला. मी अगदी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. म्हटलं बघू तरी काय दिवे लावतोय. पट्टी निळी, आणि मधोमध पिवळट गोळा. "इथे ताप दिसतोय," धाकटा म्हणाला, "इथेच तडा असणार." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मशीन थांबवलं, शाई लावली, पुसली. पट्टी कोरी करकरीत.

मग सगळ्यांनी पडद्यावरचं चित्र नीट पाहिलं. गोळ्याला दोन बाजूंना कान फुटलेले. मधे दोन काळे ठिपके, डोळ्यांच्या जागी. अहो, माणसाचं तोंड! चकचकीत पट्टीत, आरशात पडावं तसं, अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब पडलं होतं. "तडा नाही, धाकट्याचा मुखडा आहे!" मी म्हटलं, आणि विभाग हसून लोळला. मॅडमसुद्धा.

धाकटा माझ्या चष्म्याकडे बघत राहिला. डाग असेल म्हणून मी काढून पुसला. मग म्हणाला, "चूक माझी. पट्टीला काळा, बिनचमकीचा रंग मारायला हवा होता. आणि कोणाला जवळ उभं राहू द्यायला नको होतं."

आता विभागात त्याचं नाव 'आरसेवाला' पडलंय. मी पाडलं नाही. फक्त पहिल्यांदा म्हटलं.

२ जुलै

बाबांकडे सगळे जेवायला. मी आरशाची गोष्ट रंगवून सांगितली. मेहुणीचं तोंड उतरलं. ही मला टेबलाखालून पाय मारत होती. बाबांनी फक्त विचारलं, "पण ते डोळ्यांच्या जागी काळं कशाने दिसलं?"

मी म्हटलं, "भूत असेल!"

धाकटा भात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, "काच, बाबा. काचेतून ऊब आरपार जात नाही, त्यामुळे काच गार दिसते." आणि विषय बदलून बागेतल्या कुठल्या तरी बाकाबद्दल बोलायला लागला. स्वतः चष्मा लावत नाही आणि काचेच्या गप्पा.

१० जुलै

परीक्षा संपत आली. पाऊल ठणठणीत आहे. मी रोज शाई लावून बघतो. अहवाल गेला की वर्कशॉप पावलं वाटायला घेईल आणि मी ते घाईने बाबांना दिलं, ह्याचीही बोच राहणार नाही.

आज दुपारी धाकटा हळूच आला. "दादा, जरा बघता का? पाऊल पायाला बसतं त्या बोल्टच्या भोकाजवळ, खालच्या अंगाला. तिथं ताप दिसतोय. कालपेक्षा आज जास्त."

माझ्या पावलात? मी रोज बघतो त्या पावलात?

"पुन्हा आरसा?" मी म्हटलं.

"काळा रंग मारलाय, दादा. मी लांब उभा राहून, बाजूला होऊन, सगळं करून बघितलं. जागा हलत नाही. मला वाटतं तडा आतून येतोय, शाईपर्यंत पोचलाच नाहीये."

"मग तुझ्या कॅमेऱ्यालाच ताप आला असेल. डॉक्टरला दाखव."

तो हसला नाही. म्हणाला, "बाबांच्या पायात तेच आहे, दादा." जसं काही मला माहीतच नाही! जसं काही बाबांची काळजी फक्त ह्यालाच! मी तिथला काळा रंग काढला, शाई लावली, त्याच्या देखत पुसली. काही नाही. भिंग त्याच्या हातात दिलं. म्हटलं, दाखव. त्याला दाखवता आलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

मॅडमसमोर दोघांना बोलावणं. त्याने चित्रं मांडली, मी कोरं करकरीत पाऊल मांडलं. मॅडमनी चित्रं चाळली, पाऊल हातात घेऊन फिरवलं. शेवटी म्हणाल्या, "ह्याचा डोळा आजवर चुकलेला नाही. अहवाल 'पास' म्हणून तयार करा, सोमवारी पाठवू."

धाकट्याने एवढंच मागितलं की तोवर मशीन चालू ठेवावं. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. जिंकल्यावर मन मोठं करायला काही लागत नाही.

संध्याकाळी तो लवकर निघाला. मला कारण विचारावंसं वाटलं नाही.

१२ जुलै, शनिवार

हे लिहू की नको?

शनिवारी अर्धाच दिवस असतो. दुपारी सगळे गेले. धाकटाही नव्हता. मशीन चालू, कॅमेरा चालू. म्हटलं, एकदा आपण बघू, बघायला काय जातंय.

बोल्टच्या भोकाखाली, आतल्या अंगाला, तांदळाएवढी पांढरी जागा. मी डावीकडे सरकलो. ती तिथेच. उजवीकडे सरकलो. तिथेच. मधे पुठ्ठा धरला, खाली बसलो, दारापाशी जाऊन लांबून बघितलं. मशीन दाबायचं तेव्हा जागा जरा उजळायची, सोडायचं तेव्हा मंद व्हायची. कुठल्याही आरशात अशी गोष्ट दिसत नाही.

मग मी एक वेडेपणा केला. कॅमेरा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझं तोंड आलं, पिवळं. आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. चष्मा काढला, खड्डे गेले. घातला, आले.

म्हणजे त्या दिवशी पट्टीत पडलेलं तोंड त्याचं नव्हतं. माझं होतं. मी त्याच्या खांद्यावर वाकलो होतो, माझ्या डोक्याच्या उष्णतेने त्याचं प्रात्यक्षिक बिघडलं, आणि सगळ्या विभागाला हसवलं तेही मीच. त्याला त्याच क्षणी कळलं होतं. तो मूग गिळून बसला.

त्याने बोलायला हवं होतं. बोलला असता तर मला भांडता आलं असतं. आता नुसतं चडफडत बसायचं. तो कॅमेऱ्यातही माझ्यापेक्षा वरचढ आणि गप्प बसण्यातही.

घरी येताना खाली डोकावलो. बाबा खुर्चीत वाचत बसले होते. फिरायला गेले नाहीत. "काय म्हणता?" त्यांनी विचारलं. "काही नाही," म्हणून मी वर आलो. आज बसूनच आहेत, मग घाई कसली? शिवाय तापलं म्हणजे तुटलंच असं नाही. बाबा चालतात ते किती! आणि आज सांगायचं म्हणजे सांगायचं काय? 'धाकट्याने बघितलं, मला दिसलं नाही'? सोमवारी सांगेन. सोमवारी मशीनही काय ते सांगेलच.

१३ जुलै, रविवार

आजही बाबा फिरायला गेले नाहीत. धाकटा वर्मी लागल्यामुळे रुसला असणार. मला खरं तर बरं वाटलं. पट घेऊन खाली जावं असं मनात आलं होतं, पण पाय निघाला नाही.

हिने विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का? कपाळ गरम लागतंय."

१४ जुलै, सोमवार

सकाळी विभागात शिरलो तर मशीन थांबलेलं. पाऊल तुटलं होतं. बोल्टपाशी, खालच्या अंगाला. चवडा एकीकडे, टाच एकीकडे. तुटलेल्या जागेत आतल्या बाजूला मोहरीएवढा बुडबुडा होता, ओततानाच राहिलेला. तडा त्यातून निघून बाहेरच्या दिशेने आला होता. बाहेर पोचला आणि लगेच पाऊल गेलं. माझ्या शाईला वेळच मिळाला नाही.

मी मॅडमच्या खोलीत जाऊन अहवाल थांबवायला सांगितला. "पास नाही. धाकट्याचं बरोबर होतं," असं मोठ्याने म्हटलं. आणि पळालो. ह्या वयात, रस्त्याने, सगळ्यांच्या देखत धावलो. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, बाबा जिना उतरतायत आणि पायातून आवाज येतोय.

दार ढकललं. बाबा खुर्चीत बसले होते, पायात जुनं लाकडी पाऊल. धाकटा समोर बसून त्यांच्यासाठी चहा गाळत होता. आज त्याने सुट्टी घेतली होती, हे मला माहीतही नव्हतं.

"या, या जावईबापू," बाबा म्हणाले. "तुमच्याशी भांडायचंय मला. पाऊल दिलंत ते दिलंत, आणि परत काढून घ्यायचा हुकूमही पाठवलात! शुक्रवारपासून तुरुंगात बसल्यासारखा बसलोय."

मला काही कळेना. धाकट्याकडे बघितलं तर तो गाळणीत बघत होता.

"हा आला संध्याकाळी," बाबा सांगायला लागले. "म्हणाला, बाबा, पाऊल काढा. मी म्हटलं, अरे जा, तुझं काय ऐकायचं! आताच कुठे चालायला लागलोय. तेव्हा म्हणाला, मी नाही, दादांनी सांगितलंय, त्यांना त्यात शंका आहे. मग काढलं. तुमचा शब्द म्हटल्यावर प्रश्नच नव्हता."

मी उभाच होतो. ही म्हणाली होती तेच, 'अरे'चं ह्या घरात कोणी ऐकत नाही. ज्या गोष्टीसाठी मी दीड महिना पोटात दुखून घेत होतो, ती माझ्याकडेच होती, आणि हे धाकट्याला माहीत होतं. माझ्याआधी. बाबांना वाचवायला त्याला माझं नाव वापरावं लागलं, कारण त्याच्या स्वतःच्या नावाला ह्या घरात तेवढं वजन नाही.

तो हळूच म्हणाला, "झालं ना दादा, असे धावत आलात म्हणजे पाऊल सुरक्षित नाही हे तुम्ही बघितलंतच. बसा, चहा घ्या."

घ्यायचा होता चहा. खोटं सांगत नाही, फार घ्यायचा होता. नुसती मान हलवायची होती. बाबांनी रागावल्याचं नाटक केलं असतं, मी हसलो असतो, संध्याकाळी पट मांडला असता. आणि धाकटा कोणाजवळ एक अक्षर बोलला नसता, हे मला पुरतं कळून चुकलंय. नेमकं तेच मला सोसवेना.

"मी नाही सांगितलं, बाबा," मी म्हटलं. "ह्याने मला दाखवलं होतं. मी ह्याची थट्टा केली आणि पाऊल पास केलं."

"आणि?" बाबांना माझ्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी दिसलं असावं.

"आणि शनिवारी मी स्वतः बघितलं. ह्याचं खरं होतं. तरी तुम्हाला सांगायला आलो नाही."

"शनिवारी तुम्ही ह्या दारातून डोकावला होतात."

"हो."

"मी विचारलं, काय म्हणता. तुम्ही म्हणालात, काही नाही."

"हो."

बाबांनी कप बशीत ठेवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "या आता."

मी वर आलो.

२ ऑगस्ट

बाबा बोलतात. 'घ्या', 'बसा', सगळं आहे. पट मांडलेला नाही. धाकटा त्यांना जुन्या पावलावर अंगणातल्या अंगणात फिरवतो, दहा पावलं चालले की बसवतो.

कामावर मात्र मी आणि तो एकत्र बसतो. त्याचा कॅमेरा, माझी शाई. तुटलेले तुकडे वाचायला तो माझ्याकडे आणतो, तडा कुठून निघाला, कुठे थांबला, कुठे धावला. म्हणतो, "हे मला नाही जमत, दादा." खरंच जमत नाही की मला बरं वाटावं म्हणून म्हणतो, कळत नाही. दोन्हीचा राग येतो.

३० ऑगस्ट

वर्कशॉपचं नवं पाऊल परीक्षेत उतरलं. बोल्टपाशी जाड केलंय, ओतायची पद्धत बदलली आहे, बुडबुडा राहत नाही. ह्या वेळी अहवाल गेला, वर्कशॉपने रीतसर दिलं, तेव्हाच आम्ही दोघं ते घेऊन बाबांकडे गेलो.

बाबांनी पाऊल हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग मला विचारलं, "धाकट्याने बघितलंय?"

"बघितलंय."

"त्याने हो म्हटलंय?"

"म्हटलंय."

"मग बसवा."

धाकटा दारात उभा होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, तुम्हीपण रोज तपासलंय, सांगा ना त्यांना."

"त्यांनी विचारलं नाही," मी म्हटलं.

मी जमिनीवर बसलो आणि पट्टे बांधायला घेतले. तोल सावरायला बाबांनी माझ्या खांद्यावर हात टेकला होता, पण बघत होते धाकट्याकडे. आतून मी चांगलाच जळत होतो. पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला, घट्ट होता. मग म्हटलं, "टाका पाऊल, बाबा."